वकील कोणाचा, फी कोणाची

अमेरिकेत कोर्टकज्जा झाला तर ज्यानं त्यानं आपल्या वकिलाची फी आपण भरायची, हा तिथला जुना नियम आहे. खटला जिंकलात तरी समोरच्याकडून फी वसूल होत नाही. कायद्यात किंवा करारात तसं लिहिलेलं असेल तरच होते. घरमालकांच्या संघटनांच्या बाबतीत मात्र हा अपवादच नियम होऊन बसला आहे. तिथली मराठी मंडळीही या संघटनेला नुसतं 'एचओए' म्हणतात. तिच्या मूळ दस्तऐवजात आणि बहुतेक राज्यांच्या कायद्यात तरतूद असते की थकबाकीच्या वसुलीसाठी संघटनेला वकील करावा लागला, तर त्याचा वाजवी खर्च थकबाकीदारानं द्यायचा. दिला नाही तर तोही घरावरच्या बोज्यात मिळवायचा. म्हणजे ज्या वकिलाला तुम्ही नेमलं नाही, जो तुमचं ऐकायला बांधलेला नाही, त्याचं बिल तुमच्या छपरावर चढतं.

या वकिलांबद्दल रहिवाशांची तक्रार सहसा वागणुकीची असते. पत्राची भाषा उर्मट असते, फोन उचलत नाहीत, काही विचारलं तर 'बोर्डाशी बोला' म्हणतात आणि बोर्डाला विचारावं तर 'वकिलांशी बोला' असं उत्तर येतं. ही तक्रार खरी आहे. पण उद्या सगळे वकील गोड बोलू लागले म्हणून दुखणं जाणार नाही. ते बिलाच्या वाटेत आहे. काम सांगणारा एक, पैसे भरणारा दुसरा, आणि भरणाऱ्याला ना सल्ला दिसतो ना हिशेब, अशी व्यवस्था जिथे असेल तिथे सज्जन माणसाच्या हातूनही अन्याय होतो.

या संघटनांचा पसारा आधी पाहायला हवा. १९७३ साली स्थापन झालेल्या 'कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट' या त्यांच्या शिखर संस्थेच्या अंदाजानुसार आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक अशा संघटना आहेत आणि साडेसात कोटींच्या आसपास लोक त्यांच्या कक्षेत राहतात. १९७० साली हा आकडा दहा हजार संघटनांच्या घरात होता. नवी वसाहत उभी करताना बिल्डरच दस्तऐवज नोंदवतो, आणि त्या जमिनीवर घर घेणारा प्रत्येक जण आपोआप सभासद होतो. सभासद व्हायचं नाही, असा पर्यायच नाही. बोर्डावर शेजारचीच माणसं असतात आणि बहुधा विनावेतन काम करतात. रोजचा कारभार मॅनेजमेंट कंपनी बघते. आणि या दोघांच्या मागे वकिलांची फर्म असते.

हा वकील कोणाचा? अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श आचारनियमांत याचं उत्तर स्पष्ट आहे. संस्थेचा वकील हा संस्थेचा वकील; तिच्या पदाधिकाऱ्यांचा नाही, सभासदांचाही नाही. संस्थेचं हित आणि समोरच्या माणसाचं हित विरोधात जात असेल, तर 'माझा अशील संस्था आहे, तुम्ही नाही' हे त्याला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. कागदावर हे निर्दोष आहे. पण संस्था फोन करत नाही. फोन मॅनेजर करतो. संस्था बैठकीला बसत नाही. बोर्डाचे पाच जण बसतात. ज्याच्या तोंडून सूचना येतात आणि पुढच्या वर्षी ज्याच्या मतानं आपली नेमणूक टिकते, त्याच्या मर्जीला संस्थेचं हित समजणं वकिलाला सोपं जातं. यात लबाडीच असते असं नाही. रोज एकाच बाजूची गोष्ट कानावर पडली की माणसाला ती गोष्टच वस्तुस्थिती वाटू लागते.

शिवाय वकील आणि अशील यांच्यातला व्यवहार गोपनीय. त्यामुळे सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेला सल्ला सगळ्यांनाच वाचता येत नाही. फार झालं तर बिलाची प्रत मिळते, तीही मजकूर काळा करून. बोर्डातला एखादा सदस्य विरोधात असेल आणि त्यानं स्वतः वकिलाला काही विचारायचं ठरवलं, तर त्याला सांगितलं जातं की अधिकृत संपर्क अध्यक्षांमार्फतच होईल. निवडून आलेल्या माणसाला निवडून न आलेल्या माणसाचा सल्ला बघायला परवानगी लागावी, ही गोष्ट तिथे कोणाला खटकत नाही. मला खटकते.

आता पैशांकडे येऊ. समजा, एका कुटुंबाचे ६०० डॉलर थकले. घरातल्या एकाची नोकरी गेली, किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता कार्ड बदलल्यामुळे बंद पडला. कारणं अशीच साधी असतात. मॅनेजरच्या दोन नोटिसा झाल्या की फाइल वकिलाकडे जाते. तिथून रजिस्टर्ड पत्र येतं. त्यात मूळ रक्कम, व्याज, उशिराचा आकार आणि खाली वकिलाची फी अशा ओळी असतात. त्या माणसानं धावपळ करून ३०० डॉलर पाठवले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार ते आधी मूळ थकबाकीत जमा होतात. ती पूर्ण फिटल्यावरच फी, खर्च आणि व्याजाचा नंबर लागतो. फ्लोरिडात क्रम नेमका उलटा आहे. आधी व्याज, मग उशिराचा आकार, मग वसुलीचा खर्च आणि वकिलाची फी, आणि सगळ्यांत शेवटी मूळ वर्गणी. तेच ३०० डॉलर, तोच माणूस. एका राज्यात त्याची थकबाकी अर्धी झाली, दुसऱ्या राज्यात ६०० पैकी एक डॉलरही फिटला नसेल, असं होऊ शकतं. आणि मूळ रक्कम जागच्या जागी राहिली म्हणून वकिलाचं पुढचं पत्र निघतं, त्या पत्राची फी पुन्हा खात्यावर चढते. जमाखर्चाच्या क्रमाचं हे एवढंसं कलम माणसाचं घर वाचवतं किंवा घालवतं. फ्लोरिडानं २०२१ साली इतकी सुधारणा केली की वकिलाची फी लावण्याआधी थकबाकीची लेखी सूचना देऊन ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. क्रम मात्र तोच राहिला.

रहिवाशांइतकंच बोर्डाचंही या नात्यात नुकसान होतं, आणि त्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. बोर्डावर बसलेली माणसं शिक्षक असतात, निवृत्त इंजिनीअर असतात, दवाखान्यात नोकरी करणारी असतात. त्यांना कायदा येत नाही आणि दाव्याची धास्ती असते. 'ही कारवाई केली नाहीत तर तुम्ही कर्तव्यात चुकलात असं ठरू शकतं', हे वकिलाचं एक वाक्य त्यांना गप्प करायला पुरतं. दुसरीकडे तोच वकील त्यांना दिलासाही देतो: प्रकरण आमच्याकडे द्या, तुम्ही त्या माणसाशी बोलू नका. शेजाऱ्याला तोंड द्यायचा अवघडलेपणा सुटतो, म्हणून बोर्डालाही ते हवंच असतं. मग वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहणारी माणसं एकमेकांशी पत्रांतून बोलू लागतात आणि प्रत्येक पत्राचे पैसे त्यातल्याच एकाला पडतात. 'वकिलाकडे दिलंय' या दोन शब्दांत बोर्ड आपला निर्णय, आपली जबाबदारी आणि आपली माणुसकी, सगळंच देऊन टाकतं.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं हे ओळखलं होतं. तिथल्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यात लिहिलं आहे की घरावर बोजा नोंदवायचा की नाही आणि ते लिलावात काढायचं की नाही, हा निर्णय फक्त बोर्डानंच मतदान करून घ्यायचा. कोणत्याही एजंटाकडे तो सोपवता येणार नाही. लिलावाचं मतदान बंद बैठकीत होतं आणि पुढच्या खुल्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी लागते. त्या नोंदीत घरमालकाचं नाव लिहायचं नसतं, जमिनीचा क्रमांक लिहायचा असतो. माणसाची अब्रू राखण्यासाठी केलेली ही तरतूद आहे आणि योग्य आहे. पण मतदान करणाऱ्यांनी तरी त्या क्रमांकामागचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा, हेच या कलमाला अपेक्षित आहे. २००६ पासून तिथे आणखी एक अट लागू झाली. थकबाकी १,८०० डॉलरपेक्षा कमी असेल आणि बारा महिन्यांहून जुनी नसेल, तर घर लिलावात काढता येत नाही. आणि त्या १,८०० मध्ये व्याज, उशिराचा आकार, वकिलाची फी यांतलं काहीही धरायचं नाही. वकिलाच्या बिलानं आकडा फुगवून घर हातात घेण्याची वाट त्या एका ओळीनं बंद केली.

टेक्सासला हे शहाणपण महाग पडलं. २००१ साली ह्युस्टनमध्ये ८०० डॉलरच्या थोड्या वर असलेल्या थकबाकीपायी ब्याऐंशी वर्षांच्या एका विधवा बाईंचं घर लिलावात गेलं आणि त्या घटनेनं राज्य हललं. त्याच वर्षी कायदा झाला: लिलावानंतर १८० दिवसांच्या आत पैसे भरून घर परत घेण्याचा हक्क मालकाला मिळाला, आणि नुसत्या दंडासाठी किंवा दंडापोटी झालेल्या वकिलाच्या फीसाठी घर लिलावात काढता येणार नाही असं ठरलं. तरीही २००८ मध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्को गावात, जिथे आज मराठी कुटुंबांचीही मोठी वस्ती आहे, इराकमध्ये तैनात असलेल्या एका सैनिकाचं सुमारे तीन लाख डॉलरचं घर ३,५०० डॉलरला विकलं गेलं. त्या घरावर कर्ज नव्हतं. संघटनेची बाकी हजार डॉलरच्या आत होती. पत्रं येत होती, पण घरात ती न उघडता पडून राहिली. देशभर बोभाटा झाल्यावर २०१० मध्ये तडजोड होऊन घर परत मिळालं. या प्रकरणात मला कोणा एकाचा दुष्टपणा शोधावासा वाटत नाही. भीती याची वाटते की प्रत्येकानं आपापलं काम नियमानुसार केलं असं म्हणायला जागा होती. मॅनेजरनं फाइल पाठवली, कचेरीनं पत्रं पाठवली, तारीख आली तेव्हा लिलाव झाला. दार ठोठावून 'घरी सगळं ठीक आहे ना' असं विचारणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

वकिलाचं खरं मोल तो अशिलाला कधी थांबवतो यावर ठरतं. शिकागोतल्या एका बहुमजली इमारतीत बाहेरच्या दाराच्या चौकटीवर काहीही लावायचं नाही, असा नियम होता. एका ज्यू कुटुंबाच्या चौकटीवर त्यांच्या धर्माप्रमाणे मेझुझा होता, बोटभर लांबीची पवित्र मजकुराची पेटी. २००४ पासून संघटनेनं तो नियम मेझुझालाही लावला आणि ती पेटी पुन्हा पुन्हा काढून टाकली. घरात सुतक असतानासुद्धा. प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं, आधी संघटनेच्या बाजूनं निकाल लागला आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं तो फिरवला: हेतुपुरस्सर भेदभाव झाला की नाही हे ज्यूरीसमोर ठरलं पाहिजे. तोवर शिकागो शहरानं आणि इलिनॉय राज्यानं अशा चिन्हांना संरक्षण देणारे नियम केले होते, आणि २०११ मध्ये टेक्सासमध्येही तसा कायदा झाला. आपल्या दारावरच्या तोरणाला त्या राज्यात आज जे संरक्षण मिळतं, ते अशाच वादांतून आलेलं आहे. बोटभर पेटीसाठी एवढी वर्षं कोर्टात काढण्याआधी संघटनेच्या बाजूच्या कोणीतरी 'असू द्या ती पेटी' म्हणायला हवं होतं. ते म्हणण्याची फी मिळत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

या नात्याचा सगळ्यांत काळा नमुना लास वेगासमध्ये घडला. २००३ ते २००९ च्या दरम्यान एका बांधकाम कंत्राटदारानं आणि त्याच्या साथीदारांनी निरनिराळ्या वसाहतींत बनावट खरेदीदार उभे करून घरं घेतली, निवडणुकांत घोटाळे करून आपली माणसं बोर्डांवर बसवली आणि मग त्याच बोर्डांकडून आपल्याला हवे ते वकील नेमून घेतले. बिल्डरवर सदोष बांधकामाचे दावे लावायचे आणि दुरुस्तीचं काम कंत्राटदाराला द्यायचं, असा तो बेत होता. चाळीसच्या आसपास लोक दोषी ठरले. सूत्रधाराला २०१५ मध्ये पंधरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. हा उघड गुन्हा होता आणि सगळ्या संघटनांना तो मापदंड लावणं अन्यायाचं होईल. पण तो शक्य का झाला हे बघावंच लागतं. बोर्ड हातात आलं की वकील हातात येतो, वकील हातात आला की सगळ्यांची तिजोरी उघडते, आणि सभासदांना ते कळायला कागद नसतो.

दुसरी बाजू मला मान्य आहे. थकबाकीदारानं न भरलेले पैसे शेजाऱ्यांनाच भरावे लागतात. २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे 'चॅम्प्लेन टॉवर्स साउथ' ही इमारत कोसळून ९८ माणसं गेली. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलर उभे करायचे की नाही यावर तिथे दीर्घकाळ वाद चालला होता. वेळेवर वर्गणी गोळा होणं हा जिवाचा प्रश्न असू शकतो, आणि वसुलीचा धाकच नसेल तर ती होणार नाही. चांगले वकीलही आहेत. ठराविक रकमेत काम करणारे आहेत, बोर्डाला 'आधी त्यांना बोलवा, हप्ते बांधून द्या' म्हणणारे आहेत. १९९४ साली 'प्रायव्हेटोपिया' हे पुस्तक लिहून या संघटनांच्या खासगी सत्तेची सगळ्यांत कठोर चिकित्सा करणारे एव्हन मॅकेन्झी हे स्वतः आधी अशा संघटनांचे वकील होते. म्हणून व्यवसायाला नावं ठेवून भागणार नाही. वसुली व्हावी, पण जी थकबाकी आहे तिची व्हावी. थकबाकीपेक्षा तिच्या वसुलीचा खर्च मोठा झाला, तर संघटनेची गरज मागे पडून बिलाची गरज पुढे आलेली असते.

कोलोरॅडोनं हेच धरून पावलं टाकली. डेन्व्हरच्या ग्रीन व्हॅली रँच भागातल्या लिलावांवरून गदारोळ उठल्यावर २०२२ मध्ये दंडावर ५०० डॉलरची आणि व्याजावर ८ टक्क्यांची मर्यादा आली, आणि नुसत्या दंडासाठी घर घेण्याला बंदी झाली. २०२४ मध्ये थेट वकिलाच्या बिलाला हात घातला: थकबाकीच्या वसुलीत घरमालकाकडून घेता येणारी फी आणि खर्च मूळ रकमेच्या निम्म्याहून किंवा ५,००० डॉलरहून, यांतलं जे कमी असेल त्याहून, जास्त असता कामा नये. माझ्या मते आजवरच्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत नेमकी आहे. वकिलानं नम्र असावं असं ती म्हणत नाही. नम्र न राहण्यातला नफा ती काढून घेते.

हे वाचताना पुण्या-मुंबईतल्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे असं नाही. काही अंशी ते खरं आहे. आपली सोसायटी सहकारी कायद्याखाली नोंदलेली असते; थकलेल्या मेंटेनन्सच्या वसुलीचा दाखला निबंधक देतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी त्याचं वेगळं कलमही आहे, आणि आदर्श उपविधींत व्याजाला वर्षाला २१ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. वकिलाचं बिल सभासदाच्या सदनिकेवर चढवण्याचा अमेरिकन राजमार्ग आपल्याकडे नाही. पण पुनर्विकासात वेगळीच गोष्ट होते. सोसायटीच्या वकिलाची फी अनेकदा बिल्डर भरतो आणि सभासद खूश असतात की आपला खर्च वाचला. ज्या करारात बिल्डरपासून सोसायटीचं रक्षण करायचं, त्याच कराराचा मसुदा करणाऱ्या माणसाचे पैसे बिल्डरकडून येतात. तिथे न नेमलेल्या वकिलाचे पैसे रहिवासी भरतो, इथे नेमलेल्या वकिलाचे पैसे तिसराच भरतो. दोन्हीकडे काम एकाचं आणि दाम दुसऱ्याचं.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वकिलाकडून वसुलीचं पत्र आलं तर ते त्याच दिवशी उघडा. वसुलीचं काम नेहमी करणारा वकील हा कर्जवसुलीच्या केंद्रीय कायद्याच्या दृष्टीनं कर्जवसुली करणाराच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ठरवलेलं आहे, आणि संघटनेची वर्गणी हे त्या कायद्याखालचं कर्जच आहे, असं अपील न्यायालयांनी पुढे म्हटलं आहे. त्यामुळे पहिल्या सूचनेनंतर ३० दिवसांच्या आत तुम्ही लेखी कळवून रकमेचा पुरावा मागू शकता, आणि तो येईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हे पत्र तुम्हीच लिहा, रजिस्टर्ड पाठवा, पोच जपून ठेवा. आणि मूळ थकबाकी देण्याची तयारी असेल तर त्यातच हप्ते बांधून मागा. टेक्साससारख्या राज्यात बऱ्याच संघटनांना हप्त्यांची सोय ठेवणं बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट, बोर्डावर जा. आपली माणसं मंडळाच्या गणपतीला महिनाभर राबतात, पण एचओएच्या वार्षिक सभेला जात नाहीत. एकदा जा, आणि गेल्या वर्षी वकिलांना किती दिले, त्यातले किती सभासदांकडून वसूल केले, आणि किती फाइली बोर्डातल्या कोणी त्या घरी एक फोनही न करता कचेरीत पाठवल्या, हे विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि निवडून आलात तर पहिला ठराव हा मांडा: ज्या घराची फाइल वकिलाकडे जायची आहे, त्या घरी आधी बोर्डाचा एक माणूस स्वतः जाऊन येईल.